तळ्याच्या तळचा गाळ कसा काढावा? पोकलेन, पंप की आणखी काही?

काठावरची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

आमच्या वस्तीलगत एक जुनं तळं आहे. साधारण एक हेक्टरचं. एका अंगाला मातीचा बांध, समोरच्या टोकाला ओढा येऊन मिळतो. लहानपणी आम्ही याच तळ्यात पोहायला शिकलो. बुडी मारून तळाची माती मुठीत आणून दाखवली की मोठ्यांच्या पंगतीत जागा मिळायची. आता त्याच जागी होडीतून बांबू खाली घातला तर तो टेकत नाही, नुसता आत आत जातो. वर काढला की टोकाला काळा लगदा आणि सडक्या अंड्याचा वास.

गाळ काढायचा हे सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे. कसा काढायचा यावर दोन तट पडलेत. एक गट म्हणतो, तळं रिकामं करा, पोकलेन उतरवा, आठवड्यात काम संपेल. दुसरा म्हणतो, होडीवर पंप बसवून नळीने ओढून घ्या, मासे वाचतील. ज्यांनी हे काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. मला यंत्रांची नावं फारशी कळत नाहीत, पण हे तळं मला वाचवायचंय.

मापाडी

धागा चांगला आहे, पण यंत्र ही शेवटची गोष्ट. आधी गाळ किती आणि कसला ते सांगा.

मोजायला दोन काठ्या लागतात. एका लांब काठीच्या टोकाला ताटलीएवढी चपटी चकती ठोका. ती गाळाच्या माथ्यावर अलगद टेकते, आत घुसत नाही. दुसरी काठी बारीक, शक्यतो लोखंडी सळई. ती कठीण तळ लागेपर्यंत दाबायची. दोन्ही मापांतला फरक म्हणजे गाळाची जाडी. दर दहा मीटरवर एक माप घ्या, म्हणजे हेक्टरला साधारण शंभर मापं होतील. दोन माणसं आणि एक होडी, दोन दिवसांचं काम.

मग नमुना. पारदर्शक नळी उभी खुपसायची, वरचं तोंड तळहाताने घट्ट बंद करून वर ओढायची. आतले थर जसेच्या तसे दिसतात. त्यातला थोडा गाळ बरणीत पाणी घालून हलवून ठेवा आणि किती वेळात खाली बसतो ते पाहा. ही बरणी पुढे फार कामाला येईल, का ते नंतर लिहितो.

पैलतीर

वाचतोय. वाचनखूण साठवली.

काठावरची

@मापाडी, तुम्ही सांगितलं तसं केलं. चकतीसाठी डब्याचं झाकण वापरलं.

ओढ्याच्या तोंडाशी, म्हणजे तळ्याच्या साधारण पाव भागात, सरासरी १.२ मीटर गाळ आहे. बाकीच्या तीन भागांत सरासरी अर्धा मीटर. हिशेब केला तर जवळपास ६,८०० घनमीटर होतो. पाण्याची सरासरी खोली आज दीड मीटर.

नळीतले थर बघून मी थक्क झाले. मधल्या भागात सगळ्यात वर शाईसारखा काळा, पातळ, वासाचा थर. त्याखाली करडा, दह्यासारखा. आणि अगदी तळाशी बोटभर पिवळी चिकण माती, इतकी चिवट की नळीतून काठीने ढकलून काढावी लागली. ओढ्याजवळचा नमुना अगदी वेगळा, पिवळसर, रवाळ, वास जवळपास नाहीच. ती बरणी दहा मिनिटांत बरीच निवळली. मधल्या भागाची बरणी तीन दिवस झाले, अजून गढूळ आहे.

मापाडी

उत्तम! या दोन बरण्यांनी अर्ध्याहून जास्त प्रश्न सोडवला.

कण पाण्यात किती वेगाने खाली जातो ते त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतं. व्यास दहापट कमी झाला तर वेग शंभरपट कमी. ०.१ मिलिमीटरचा बारीक वाळूचा कण निश्चल पाण्यात एक मीटर जायला दोन मिनिटंही घेत नाही. ०.०१ मिलिमीटरच्या कणाला सुमारे ३ तास लागतात. ०.००१ मिलिमीटरच्या चिकण मातीच्या कणाला तेच अंतर कापायला जवळपास १३ दिवस, तेही पाणी जराही हललं नाही तर. म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळे गाळ आहेत. त्यांना एकच उपाय लावला तर एकाचं नुकसान ठरलेलं.

नळीवाला

मी बरीच वर्षं उपसा-जहाजांवर काम केलंय, नंतर छोट्या तलावांवर. ओढून घेण्याबद्दल लिहितो, कारण त्यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

लोक म्हणतात, "पंप लावा, गाळ वर येईल." नुसता गाळ वर येत नाही, पाण्यात मिसळलेला गाळ येतो. तळाशी असलेला एक घनमीटर गाळ ओढताना सहज चार-पाच घनमीटर रबडी होते. तुमच्या ६,८०० घनमीटरचे साधारण ३०,००० घनमीटर होतील. आणि आज तळ्यात पाणी किती? दीड मीटर गुणिले एक हेक्टर, म्हणजे १५,०००. सुटं झालेलं पाणी निवळून परत तळ्यात सोडलं नाही, तर सगळा गाळ निघायच्या आतच तळं कोरडं पडेल.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: रबडी टाकणार कुठे आणि पाणी परत येणार कसं? ज्यांच्याकडे याचं उत्तर नाही, त्यांनी पंपाची चौकशीच करू नये. मी पाहिलेली बहुतेक कामं पंपापाशी अडली नाहीत, काठावर अडली.

आता पद्धती. साध्या ओढ-नळीला बसलेला गाळ सुटत नाही, ती शेजारचं पाणीच ओढत राहते. म्हणून नळीच्या तोंडाशी फिरतं दातेरी डोकं बसवतात. ते खरवडतं, नळी ओढते. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' जहाज अडकलं तेव्हा त्याच्या पुढच्या टोकाखालची वाळू 'मशहूर' नावाच्या अशाच दातेरी उपसा-जहाजाने काढली. सुमारे ३०,००० घनमीटर वाळू हलवली आणि २९ मार्चला जहाज सुटलं. तळ्यासाठी याचीच लहान आवृत्ती मिळते, पण त्यात फिरत्या दातांऐवजी आडवा मळसूत्री दांडा असतो. तो मऊ गाळ दोन्ही बाजूंनी मधे गोळा करतो आणि पाणी फारसं ढवळत नाही. मऊ काळ्या गाळाला हाच बरा.

खोलीबद्दलही एक गोष्ट. काठावरचा पंप १० मीटरच्या वर पाणी ओढू शकत नाही हे आपण शाळेत शिकलो, प्रत्यक्षात तर सहा-सातच्या पुढे जाऊ नये. पण नळी पाण्यात बुडालेली असते तेव्हा बाहेरचं पाणीच आतल्या पाण्याला वर रेटतं. पंपाला फक्त गाळाच्या जादा वजनाशी झगडायचं असतं. रबडी पाण्याच्या १.२ पट जड असेल आणि खोली १० मीटर, तर हा जादा भार २ मीटर पाण्याएवढाच होतो. म्हणून पंप जितका खाली तितकं चांगलं, आणि पंपच बुडवून गाळाशी नेला तर सगळ्यात चांगलं.

@पैलतीर यांनी व्यनितून (खाजगी निरोपातून) हवेच्या नळीबद्दल विचारलं, तेही इथेच लिहितो. उभ्या नळीच्या बुडाशी दाबाची हवा सोडतात. बुडबुड्यांमुळे आतलं पाणी हलकं होऊन वर धावतं आणि गाळ सोबत नेतं. आत फिरणारा एकही भाग नाही, दगड-गोटे निघून जातात. समुद्रतळावरच्या पुरातत्त्व-उत्खननात पाणबुडे हेच वापरतात. पण याला खोल पाणी लागतं. दीड मीटरच्या तळ्यात त्याचा जोर नाही.

बांधकरी

नळीवाले साहेबांचा प्रतिसाद फार आवडला. मी रिकामं करून काढण्याच्या बाजूचा, पण त्यातले धोके कोणीच सांगत नाही म्हणून लिहितो.

पहिला धोका घाईने पाणी सोडण्याचा. बांधाच्या पाण्याकडच्या उतारात वर्षानुवर्षं पाणी मुरलेलं असतं. तळ्याचं पाणी झपाट्याने उतरवलं की बाहेरचा आधार जातो आणि आतलं पाणी बाहेर यायला धडपडतं. उतार घसरतो. बांध भरलेला असताना फुटेल याची भीती सगळ्यांना असते, रिकामा करताना घसरेल हे ध्यानात येत नाही. दिवसाला वीतभर, त्याहून जास्त नको.

दुसरा धोका बांधाच्या पायथ्याशी खणण्याचा. तिथला गाळ निव्वळ घाण नसतो, तो बांधाला टेकू देत असतो. पायथ्यापासून चांगलं अंतर सोडा आणि तिथे किती सोडायचं ते बांध बघून जाणकाराने ठरवू दे.

तिसरं, वरून सुकलेला दिसणारा गाळ. खपली धरते, माणूस विश्वासाने पाय टाकतो आणि कमरेपर्यंत जातो. ओढून काढताना जीवावर बेतलेलं मी पाहिलंय. शिवाय तो सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. खड्ड्यात साचला तर वास येणंच बंद होतं, कारण जास्त प्रमाणात तो नाकाची जाणीवच मारतो. वास गेला म्हणजे धोका गेला असं समजून कोणी आत उतरू नये. एकट्याने तर मुळीच नाही.

चिखलपाय

आम्ही केलेली चूक सांगतो, कारण @काठावरची यांनी ती 'बोटभर पिवळी चिकण माती' लिहिली आणि माझ्या पोटात गोळा आला.

आमच्याकडे तळं रिकामं केलं, पोकलेन लावलं. काम छान चाललं होतं. चालक उत्साही होता आणि आम्ही त्याहून उत्साही. "अजून एक फूट घ्या, जास्त पाणी साठेल," असं आम्हीच काठावरून ओरडत होतो. बादलीतून काळ्या गाळाबरोबर पिवळी माती येऊ लागली तेव्हा कोणी थांबवलं नाही. उलट 'आता खरा तळ लागला' म्हणून आनंद झाला. पावसाने तळं भरलं. दोन महिन्यांत पाणी गुडघ्यावर आलं. ती पिवळी माती हेच तळ्याचं अस्तर होतं, त्याखाली मुरूम होता. आम्ही घागरीचं बूड खरवडून काढलं होतं. नंतर बाहेरून चिकण माती आणून, पसरून, चोपून बसवली. तरी पूर्वीसारखं पाणी धरत नाही. अजून वाईट वाटतं.

पिवळं दिसलं की थांबा. खरं तर त्याच्या वर वीतभर गाळ राहू द्या.

मापाडी

@चिखलपाय, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. किती खोल जायचं ते आधी ठरवून तळातच खूण ठेवण्याची युक्ती फार जुनी आहे. चीनमधल्या दूजियांगयान इथे इसवी सनापूर्वी २५६ च्या सुमारास मिन नदीचं पाणी वळवण्याची रचना झाली, ती आजही पाणी देते. तिथे पाणी कमी असताना गाळ उपसण्याची प्रथा होती आणि नदीच्या पात्रात लोखंडाचे दांडे पुरून ठेवलेले आहेत. उपसता उपसता लोखंड लागलं की थांबायचं. कमी खणलं तर दांडा दिसत नाही, जास्त खणलं तर उघडा पडतो.

तुम्ही हेच करू शकता. शंभर मापं घेतलीत ना, त्या प्रत्येक जागी लोखंडी सळई अस्तराच्या वीतभर वर रंग लावून ठोका. चालकाला आकडा सांगून उपयोग नाही, त्याला रंग दिसला पाहिजे.

शेवाळ

मी तलावांच्या पाण्याचा अभ्यास करते. उशिरा आले, पण एक बाजू राहिली आहे. गाळ काढायचा कशासाठी? पाणी जास्त साठावं म्हणून की पाणी सुधारावं म्हणून? दोन्हींसाठी वेगवेगळा गाळ काढावा लागतो.

स्वीडनमधल्या ट्रुमेन तलावाचं उदाहरण आमच्या विषयात सगळे देतात. त्यात अनेक वर्षं सांडपाणी जात होतं. १९५० च्या दशकाच्या शेवटी ते बंद केलं, सगळ्यांना वाटलं तलाव आपोआप सुधारेल. दहा वर्षं वाट पाहिली, पाणी हिरवंच. कारण तळाच्या काळ्या गाळात साठलेला फॉस्फरस दर उन्हाळ्यात पुन्हा पाण्यात सुटत होता. शेवटी १९७० आणि १९७१ मध्ये नळीने ओढून दर वर्षी अर्धा मीटर, असा एकूण एक मीटर वरचा थर काढला. परत येणाऱ्या पाण्यातला फॉस्फरस तुरटीसारख्या क्षाराने बसवला. मग पाणी सुधारलं. तिथे खोली वाढवणं हा मुख्य हेतू नव्हताच, दूषित थर उचलणं हा होता.

म्हणून तुमच्या मधल्या भागातला काळा थर पातळ असला तरी महत्त्वाचा आहे. आणि ओढ्यातून घाण येत असेल तर आधी ती थांबवा, नाहीतर काढलेला थर पुन्हा तयार होईल.

दुसरं, काढलेला गाळ कुठेही पसरण्याआधी तपासा. जड धातू, तेल, जुनी रसायनं गाळात धरून राहतात. अमेरिकेत हडसन नदीत पीसीबी नावाची रसायनं गाळात मुरली होती. तो गाळ काढायचं काम २००९ ते २०१५ चाललं, सुमारे २१ लाख घनमीटर निघाला. तिथे तोंड घट्ट मिटणारे पंजे वापरावे लागले, वर येताना थेंब सांडू नये म्हणून. सल्फाइडचा काळा गाळ उघड्यावर वाळला की आम्लही तयार होऊ शकतं, विशेषतः किनाऱ्याजवळ. गाळ शेताला चांगला हे बरेचदा खरं असतं, पण तपासल्यावरच.

गाळ खाणाऱ्या जिवाणूंच्या गोळ्या कोणी विकायला आला तर एवढंच लक्षात ठेवा: जिवाणू फक्त पानं-शेवाळ कुजून झालेला भाग खातात. माती आणि वाळू ते खात नाहीत. ओढ्याच्या तोंडच्या तुमच्या १.२ मीटरवर त्यांचा काडीचा परिणाम होणार नाही.

पैलतीर

एक प्रश्न. मोठ्या धरणांत एवढा गाळ येतो, तिथे पोकलेन कसं पुरणार?

नळीवाला

@पैलतीर, पुरत नाही. तिथे पाण्यालाच कामाला लावतात. तळाची दारं उघडून पाणी इतकं उतरवायचं की नदी पुन्हा नदीसारखी वाहू लागते आणि गाळ कापत नेते. चीनमधल्या पीत नदीवरचं सानमेनशिया धरण १९६० मध्ये उभं राहिलं आणि इतक्या वेगाने भरलं की नंतर त्यात तळाचे मार्ग नव्याने करावे लागले. तेव्हापासून पुराचं गढूळ पाणी सोडून द्यायचं आणि नंतरचं स्वच्छ पाणी साठवायचं असं तिथलं धोरण झालं. खालच्या अंगाच्या शियाओलांगदी धरणातून २००२ पासून मुद्दाम पूर सोडून गाळ पुढे ढकलतात.

नुसत्या उताराच्या जोरावरही गाळ निघतो. अल्जीरियातल्या जिदिऊया धरणात १८९२ ते १८९४ मध्ये वक्रनळीने गाळ बाहेर काढला होता, पंपाशिवाय. बंदरांत आणखी एक पद्धत आहे. तळावर कमी दाबाने भरपूर पाणी सोडायचं, मऊ गाळ पातळ होऊन स्वतःच उताराने खोल भागाकडे वाहतो. स्वस्त पडतं, पण गाळ जागा बदलतो, संपत नाही. तळ्यात त्याला जायला जागाच नाही.

काठावरची

सगळ्यांचे प्रतिसाद छापून काढले आणि बैठकीत वाचून दाखवले. चिखलपाय यांचा वाचला तेव्हा खोलीत कोणी बोलत नव्हतं.

असं ठरतंय, चुकत असेल तर सांगा. पाणी हळूहळू फक्त एक मीटर उतरवायचं, पूर्ण नाही. मासे मधल्या खोल भागात राहतील. ओढ्याकडचा भाग उघडा पडेल, तिथला रवाळ गाळ लांब हाताच्या पोकलेनने काठावरून आणि लाकडी पाटांवर उभं राहून काढायचा. साधारण ३,००० घनमीटर, म्हणजे एकूण गाळाच्या निम्म्याच्या आसपास, तेही पाव जागेतून. मधला काळा गाळ पुढच्या वर्षी, मळसूत्री पंपाने. तेव्हा वाळवायला जागा कमी पडेल ही काळजी आहे.

नळीवाला

अगदी बरोबर ठरवलंत. जागा कमी असेल तर गाळण-कापडाच्या मोठ्या पिशव्या असतात. रबडीत गोळे बांधणारं औषध मिसळून पिशवीत भरायची, पाणी कापडातून पाझरतं, गाळ आत राहतो. मात्र औषध कुठलं आणि किती ते तुमच्या गाळाच्या बरणीवर आधी करून पाहा. मापाडींनी बरणी जपायला सांगितली ती यासाठीच असावी. कमी पडलं तर पाणी गढूळ, जास्त झालं तर कापडाची छिद्रं बुजतात.

बांधकरी

पोकलेन आणताय तर त्याच फेरीत ओढ्याच्या तोंडाशी एक गाळपेटी खणून घ्या. तळ्याच्या आधी छोटा खोल खड्डा आणि त्यापुढे दगडाचा ठेंगणा उंबरा. पाणी तिथे मंदावतं, वाळू आणि जाडा गाळ तिथेच बसतो. चिकण माती थांबणार नाही, पण रवाळ गाळ नक्की थांबेल. आणि पेटीपर्यंत यंत्र पोचेल असा रस्ता कायमचा ठेवा. रस्ता नसला तर पेटी कोणी उपसत नाही, मग ती असून नसल्यासारखी.

काठावरची

पाच महिन्यांनी लिहिते आहे.

पाणी उतरवायला सहा दिवस घेतले. सळयांना लाल रंग दिला होता. पहिल्या दिवशी चालकाला त्या नकोशा वाटल्या, बादली जपून फिरवावी लागत होती. तिसऱ्या दिवशी तोच खाली उतरून चिखलातल्या सळया हाताने पुसत होता, रंग नीट दिसावा म्हणून. दोन ठिकाणी पिवळी माती लागली, तिथल्या तिथे थांबलो आणि ती परत दाबून बसवली. गाळाचा तपास स्वच्छ आला, वाळल्यावर ढीग निम्म्याहून खाली बसला.

गाळपेटी बांधली, रस्ताही ठेवला. पहिल्या मोठ्या पावसानंतर मी मुद्दाम झाकणाची काठी घेऊन गेले. पेटीत हातभर पिवळी वाळू साचली होती. उंबऱ्यापलीकडे काठी टाकली, तर खणलेल्या भागात ती खट्टकन टेकली. मधल्या भागाची बरणी खिडकीत तशीच आहे, वरचं पाणी आता निवळलंय. त्यातून पलीकडचं झाड दिसतं. पिशव्यांच्या औषधासाठी नवीन नमुना या रविवारी काढतोय, आकडे इथेच टाकते.